शिवराई वाचायची कशी?

सुट्टीत गावी गेलात की देव्हाऱ्यातल्या ताम्हनात एकदा नीट बघा. आमच्या कोरेगावच्या घरी तिथे तांब्याचे दोन जाडजूड, वेडेवाकडे पैसे आहेत. दर दसऱ्याला चिंच-मीठ लावून घासल्यामुळे एक अगदी गुळगुळीत झालाय, दुसऱ्यावर ‘पति’ एवढंच उरलंय. या शिवराया आहेत. त्या वाचायच्या कशा आणि टिकवायच्या कशा, हे थोडक्यात सांगतो.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली. होन दुर्मिळ, बाजारहाट चालायचा तो शिवराईवर. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’ आणि कडेने ठिपक्यांचे वर्तुळ. पुढे संभाजी, राजाराम व शाहू महाराजांच्या नावाची नाणीही निघाली, पण ती कमी सापडतात. पेशवाईत ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई फार चालली. म्हणजे ‘शिव’ हे नाव दिसले की नाणे शिवकालीनच, असे लगेच समजू नये.

आता आपल्या ब्रँचचा मुद्दा! नाणे हातोड्याने ठोकून पाडत. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे काही अक्षरे बाहेरच राहत. म्हणून चार-पाच नाणी शेजारी ठेवून पूर्ण मजकूर जुळवावा लागतो.

तांब्याचे नाणे राजाची ओळख कशी सांगते, हे बायझंटाईन साम्राज्यातही दिसते. सम्राट अनास्तासियसने ४९८ साली तांब्याचे मोठे नाणे काढले. त्यावरचे ‘एम’ अक्षर म्हणजे ४० हा आकडा, नाण्याची किंमत. जस्टिनियनने ५३८ पासून त्यावर आपले राज्यवर्षही घातले. त्यामुळे ते नाणे कोणत्या वर्षाचे हे थेट कळते. शिवराईवर बहुधा साल नसतेच. अक्षरांचे वळण, ठिपके, रेघा आणि वजन यांवरूनच काळ ठरवायचा. तेच घासून टाकले तर उरले काय?

तांब्यावरचा तपकिरी-हिरवा थर म्हणजे ऑक्साईड आणि कार्बोनेट. चिंचेतले आम्ल तो विरघळवते आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात. म्हणून डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने माती काढा, पूर्ण वाळवा. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातल्या क्लोरीनने तांबे खराब होते. आम्लविरहित कागदाचे पाकीट उत्तम. त्यावर वजन, व्यास आणि नाणे कुठून मिळाले ते लिहा. कुठून मिळाले हे विसरले, की निम्मा इतिहास गेला.

कायदाही माहीत हवा. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, परदेशी नेता येत नाही. शेतात नांगरताना नाण्यांचा साठा सापडला तर १८७८ च्या कायद्यानुसार कलेक्टरांना कळवावे लागते. परस्पर वाटून घेणे हा गुन्हा आहे.

तेव्हा या दसऱ्याला घरी एवढंच सांगा: भांडी खुशाल घासा, शिवराई तेवढी बाजूला ठेवा. मग भिंग घेऊन बसा आणि उरलेली अक्षरे वहीत उतरवून घ्या. छंदाची सुरुवात तिथूनच होते, आणि खर्च म्हणाल तर एका भिंगाचा!