ट्रॅक्टरास अवजार जुपणें : क्विक हिचचा उपयोग व मर्यादा

बैलाच्या मानेवर जूं ठेवण्याची क्रिया शेतकऱ्याच्या इतकी अंगवळणीं पडलेली असते कीं, तींत कांहीं विचार करण्यासारखें आहे असें त्यास वाटत नाहीं. शिकविलेला बैल शब्दासरशीं मागें सरतो, मान खालीं करतो आणि शिवळ अडकवून होईपर्यंत उभा राहतो. धनी आपल्या पायांशीं आहे हें त्यास कळतें. ट्रॅक्टरास यांतील कांहींच कळत नाहीं. चालविणाऱ्याचा पाय क्लचवरून निसटला कीं दीडदोन टनांचें यंत्र हातभर मागें येतें, आणि नेमक्या त्याच हातभर जागेंत अवजाराची पिन बसविणारा मनुष्य वांकून उभा असतो. क्विक हिच नांवाची जी चौकट आज बाजारांत मिळते ती वेळ वाचविण्याचें साधन म्हणून विकली जाते. परंतु तिचा खरा लाभ वेळेचा नव्हे. त्या हातभर जागेंतून मनुष्य बाहेर निघतो, हा तिचा खरा लाभ होय. हा लाभ पदरांत पडण्यास कोणतीं मापें जुळावीं लागतात व कोणते नियम पाळावे लागतात, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

या भागांतील निकड.— एटापल्ली तालुक्यांतील सूरजागडचा डोंगर लोहखनिजासाठीं आज सर्वत्र प्रसिद्ध आहे. तथापि त्याच्या पायथ्याच्या गांवांतील शेतकऱ्याचें पोट धानावरच आहे. येथील बांध्या लहान, त्यांच्या मधून मोहाचीं झाडें उभीं, आणि जंगल तोडून काढलेल्या जमिनींत जुन्या मुळ्या व थुटें दडलेलीं. मृगाच्या सरी पडल्यापासून रोवणी आटोपेपर्यंत जे थोडे दिवस मिळतात त्यांत नांगरणी, चिखलणी, सपाटणी व पऱ्ह्यांची वाहतूक हीं सर्व कामें उरकावीं लागतात. ट्रॅक्टर बहुधा एक, आणि त्याची वाट पाहणारे शेतकरी अनेक. त्यामुळें सकाळीं कल्टिव्हेटर, दुपारीं रोटाव्हेटर व सायंकाळीं ट्रॉली अशी एकाच दिवसांत तीन वेळां जुपणी होते. शेवटची जुपणी पावसांत, चिखलांत, अंधार पडतांना व थकलेल्या हातांनीं होते. आणि पिन बसविण्यास पुष्कळदां घरांतील पोरासच पुढें केलें जातें. धोका यंत्रांत जितका आहे तितकाच या घाईंत आहे.

जोडणीची मूळ रचना.— ट्रॅक्टर प्रचारांत आले तेव्हां नांगर त्यांच्यामागें नुसता ओढला जात असे. फाळ मुळींत अडकला म्हणजे मागील चाकांचा जोर ट्रॅक्टरचें तोंड वर उचलण्याकडे लागे व प्रसंगीं तो चालविणाऱ्याच्याच अंगावर उलटे. हा दोष काढून टाकण्यासाठीं हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञानें खालच्या दोन भुजा व वरची एक टॉप लिंक अशा तीन ठिकाणीं अवजार धरण्याची पद्धति बसविली व तिच्या पेटंटासाठीं १९२५ सालीं अर्ज केला. १९३६ सालीं या पद्धतीचे ट्रॅक्टर इंग्लंडांत तयार होऊं लागले, आणि १९३९ सालीं हेन्री फोर्ड यांच्या अमेरिकेंतील कारखान्यानें ती आपल्या ट्रॅक्टरांस लावली. खालच्या भुजा अवजार ओढतात. नांगर पुढें कलंडूं लागला कीं टॉप लिंकवर दाब येतो व तो ट्रॅक्टरचें तोंड जमिनीकडे दाबून धरतो. आज आपल्या गांवांत येणारा प्रत्येक ट्रॅक्टर हीच रचना घेऊन येतो.

हातानें जुपण्याची रीत ठरलेली आहे. प्रथम डावी खालची भुजा, मग उजवी, आणि सर्वांत शेवटीं टॉप लिंक. उजवी भुजा दुसरी लावण्याचें कारण असें कीं, तिची उंची हातळ फिरवून कमीजास्त करतां येते. डावी बसल्यावर उरलेला फरक उजवीनें भरून काढावयाचा असतो. सोडतांना हाच क्रम उलट करावा. ही रीत निर्दोष आहे. मात्र ती पार पाडण्यास मनुष्यास दोन्ही चाकांच्या मागें जाऊन भुजा ओढाव्या लागतात, आणि ट्रॅक्टर चार अंगुळें चुकला कीं "थोडा मागें घे" अशी हांक तेथूनच द्यावी लागते. हांक देणारा जागचा हालत नाहीं, हेंच अपघाताचें मूळ होय.

क्विक हिचची रचना.— ही उलट्या यू अक्षराच्या आकाराची पोलादी चौकट असते. ती ट्रॅक्टरच्या तिन्ही टोकांस एकदां पिनांनीं बसविली म्हणजे वारंवार काढावी लागत नाहीं. तिच्या वरच्या मध्यावर एक हुक व खालच्या दोन्ही कोपऱ्यांत खटक्यासह एकेक हुक असतो. चौकट खालीं करून ट्रॅक्टर मागें घेतला म्हणजे वरचा हुक अवजाराच्या वरील पिनेखालीं जातो. लिफ्ट उचलतांच अवजार त्या पिनेवर लोंबकळूं लागतें, आपल्याच वजनानें आंत झुकतें व त्याच्या खालच्या दोन पिना कोपऱ्यांतील हुकांत जाऊन बसतात. मग खटके लागतात. या सर्व वेळांत मागें कोणीहि उभें राहण्याचें कारण पडत नाहीं.

दुसरा प्रकार त्रिकोणी चौकटीचा. त्यांत ट्रॅक्टरास एक त्रिकोण व प्रत्येक अवजारास त्यांत बसणारा दुसरा त्रिकोण असतो. यांत अवजारांच्या मापांतील फरक आड येत नाहीं, पण प्रत्येक अवजारामागें एका त्रिकोणाचा खर्च येतो.

मापें.— खरेदीपूर्वीं अवजारें मोजून घ्यावीं. नुसत्या नजरेवर विसंबूं नये. तीन टोकांच्या जोडणीच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. पहिल्या श्रेणींत खालची पिन सुमारें २२ मि.मी. व वरची १९ मि.मी. जाड असते, दुसरींत त्या अनुक्रमें २८ व २५ मि.मी. असतात. खालच्या दोन जोडबिंदूंमधील अंतर पहिल्या श्रेणींत ६८३ व दुसरींत ८२५ मि.मी. ठेवण्याचा प्रघात आहे. एका श्रेणीची चौकट दुसऱ्या श्रेणीच्या अवजारास चालत नाहीं. हुकाची खोबण पिनेहून रुंद असल्यास पिनेवर योग्य जाडीचा बुश चढवावा. चिंधी गुंडाळणें किंवा तारेनें आवळणें हा उपाय नव्हे.

सर्वांत अधिक घोटाळा उभ्या मापांत होतो. खालच्या पिनांपासून वरच्या पिनेची उंची चौकटींतील हुकांच्या अंतराशीं जुळली पाहिजे. स्थानिक कारखान्यांत बनविलेल्या कल्टिव्हेटरांत व नांगरांत ही उंची सारखी असेलच असें नाहीं. कांहीं चौकटींत वरचा हुक वरखालीं सरकवितां येतो. तशी सोय नसल्यास अवजाराच्या उभ्या सांगाड्यास चांगल्या कारागिराकडून योग्य उंचीवर नवें भोंक पाडून घ्यावें.

जुपण्याची कृति.—

१. अवजार सोडतांना तें सपाट व कठीण जागीं, आधारावर सरळ उभें राहील असें सोडावें. उद्यांची जुपणी आजच्या सोडण्यावर अवलंबून असते. बांधावर तिरपें टाकलेलें अवजार कोणत्याहि हिचनें नीट उचललें जाणार नाहीं.

२. मागें घेण्यापूर्वीं आजूबाजूच्या माणसांस, विशेषतः मुलांस, दूर करावें. चालविणाऱ्यास ज्याचें तोंड दिसत नाहीं तो मनुष्य जवळ आहे असेंच समजावें.

३. सर्वांत खालच्या गिअरमध्यें, सरळ रेषेंत मागें यावें. वरचा हुक पिनेखालीं गेल्यावर थांबून लिफ्ट सावकाश उचलावी.

४. दोन्ही खटके लागले कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. नुसत्या आवाजावर विश्वास ठेवूं नये. एकाच बाजूचा खटका लागलेलें अवजार पहिल्या बांधावर निखळतें. खटक्यांत चिखल वाळून बसतो, म्हणून रोज सायंकाळीं ते धुवून त्यांस तेल द्यावें.

५. रोटाव्हेटर असल्यास पी.टी.ओ. शाफ्ट हातानेंच जोडावा लागतो. त्यासाठीं पी.टी.ओ. सोडवावा, अवजार खालीं टेकवावें, ब्रेक लावावा, इंजिन बंद करावें, किल्ली खिशांत घालावी व मगच मागें जावें. हा शाफ्ट मिनिटास ५४० वेळां, म्हणजे सेकंदास ९ वेळां फिरतो. त्यांत धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर सांपडल्यास हात मागें घेण्यासहि अवधि मिळत नाहीं. शाफ्टवरील आवरण काढून ठेवूं नये.

मर्यादा.— चौकट बसविल्यानें अवजार सुमारें चार-पांच इंच मागें जातें. यापासून तीन परिणाम होतात. पहिला, लिफ्टची उचल कमी पडते. आधींच कुंथत उचलणाऱ्या ट्रॅक्टरास चौकट लावूं नये. दुसरा, पुढील चाकें हलकीं होतात. ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या निदान पंचमांश भार पुढील चाकांवर राहिला पाहिजे. न राहिल्यास चाक वळविलें तरी ट्रॅक्टर वळत नाहीं. त्यासाठीं पुढें वजनें लावावीं. तिसरा, पी.टी.ओ. शाफ्ट आंखूड पडतो. कामाच्या स्थितींत त्याच्या दोन नळ्या एकमेकींत निदान एक-तृतीयांश लांबीइतक्या शिरलेल्या असाव्या, व अवजार वरखालीं करतांना त्या एकमेकींस आंतून टेकूं नयेत. हें इंजिन बंद ठेवून, अवजार निरनिराळ्या उंचीवर भक्कम आधार देऊन तपासावें.

ट्रॉली या चौकटीस जुपावयाची नसते. ती ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांड्यासच जुपावी, आणि वळणावर तिची दांडी चौकटीस अडते असें दिसल्यास चौकट काढून ठेवावी. याहून महत्त्वाची गोष्ट चिखलाची. बांधींत रुतलेला दुसरा ट्रॅक्टर काढतांना साखळी क्विक हिचच्या वरच्या हुकास किंवा टॉप लिंकच्या जागीं कधींहि अडकवूं नये. ओढ मागील आंसाच्या वर लागली कीं डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच ट्रॅक्टर मागें उलटतो. फर्ग्युसननें जो धोका दूर केला तोच आपण अशा रीतीनें पुन्हां घरांत आणतों.

ही कोणीं घ्यावी ?— ज्याच्याजवळ एक ट्रॅक्टर व एकच अवजार आहे त्यानें हा खर्च करूं नये. त्यानें हातानेंच, परंतु इंजिन बंद ठेवून जुपण्याचा नियम करावा. ज्याच्या ट्रॅक्टरास हंगामांत रोज दोनतीन अवजारें बदलावीं लागतात त्यास, व विशेषतः सामायिक अवजारें ठेवणाऱ्या शेतकरी मंडळींस, ही चौकट उपयुक्त आहे. यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेस २०१४-१५ मध्यें आरंभ झाल्यावर अवजार बँकांस साहाय्य मिळूं लागलें. परंतु बँकेंतील अवजारें निरनिराळ्या मापांचीं असलीं तर प्रत्येक जुपणी नव्यानें शिकावी लागते. म्हणून मंडळीनें प्रथम सर्व अवजारांच्या पिना, रुंदी व उंची मोजून एका वहींत नोंदवावी, एकच श्रेणी ठरवावी, आणि यापुढें त्या श्रेणीबाहेरील अवजार स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. चौकट त्यानंतर घ्यावी. सोनापूर व सिंदेवाही येथील कृषि विज्ञान केंद्रांकडे याविषयीं विचारणा करणें इष्ट होईल.

खटका मोडला तर येथून एटापल्लीस किंवा आलापल्लीस जावें लागतें व हंगामांतील दिवस फुकट जातो. यासाठीं जोडीला एक खटका, दोन बुश व चार लिंच पिना नेहमीं जवळ ठेवाव्या. आणि चौकट असो वा नसो, इंजिन चालू असतांना ट्रॅक्टर व अवजार यांच्यामध्यें कोणीहि उभें राहावयाचें नाहीं हा एक नियम प्रत्येक घरीं व प्रत्येक चालकास लावून द्यावा. तो पाळण्यास एक पैचाहि खर्च नाहीं.