दहाव्या दिवसाचा ताप

दुसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस. दुपारी अंगात कसकस आली. मुलीचा बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. हे दुकानातून येऊन नुकते जेवायला बसले होते. मी फडताळातली पॅरासिटामॉल घेतली आणि चादर ओढून पडले. संध्याकाळी हलकं वाटलं, म्हणून गप्प राहिले. पहाटे तीनला दात वाजू लागले. ताप १०३ होता.

चिपळूणच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक. डॉक्टर म्हणाले, "गोळीनं ताप लपला, जंतू लपले नाहीत. ते बारा तास आपल्याला हवे होते." जिच्या पेपरसाठी मी ताप लपवला, त्या माझ्या लेकीनं ती पहाट दवाखान्याच्या बाकावर काढली आणि तिथूनच परीक्षेला गेली.

स्तनाच्या कॅन्सरला बऱ्याच जणींना देतात तेच मला चालू होतं. आधी दर २१ दिवसांनी लाल औषधाचे चार डोस, मग दर आठवड्याला एक असे बारा. (लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, घाबरू नका.) भराभर वाढणाऱ्या पेशींवर हे औषध घाव घालतं. त्यात कॅन्सर मरतो, पण केसांची मुळं, तोंडातलं अस्तर आणि हाडांतला मगज यांनाही मार बसतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी होतात. लढायला पेशीच नसल्यानं जखम लाल होत नाही, पू धरत नाही. कधीकधी ताप एवढीच खूण असते. म्हणून १००.४ दिसला की सकाळची वाट पाहायची नाही, मनानं गोळी घ्यायची नाही, लगेच फोन करून निघायचं. माझ्या फाइलवर हे छापलेलं होतं. मी वाचलंही होतं.

मग का लपवलं? आमच्याकडे सोसणाऱ्या बाईचं फार कौतुक होतं, आणि मलाही ते हवं होतं. घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मला काय कळणार, म्हणून सांगितलं नाहीस ना?" त्या बोलण्यानं मला तापापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर त्यांच्या हाती आला. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाशेजारी त्या माझा ताप लिहीत. तापाच्या गोळ्या त्यांनी आपल्या ट्रंकेत ठेवल्या आणि किल्ली कनवटीला लावली. ह्यांच्याकडे फाइल, डॉक्टरांचे फोन आणि गाडीची सोय. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं गुळण्या करायची आठवण लेक करी, कारण तोंड आलं की पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही. दारावर जाऊबाई. सर्दी-खोकल्याचा माणूस त्या उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवत. कुणी आणलेले काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत येत नसत. डोसनंतर दोन दिवस फोडणीच्या वासानं मला ढवळायचं, तेव्हा सगळ्यांचा स्वयंपाक जाऊबाईंच्या घरी होई आणि मला मऊ भात, ताक. आवडीचे पदार्थ त्या दिवसांत मुद्दाम करू नका. उलटीशी नातं जुळलं की ते पुढेही नकोसे होऊ शकतात.

नवऱ्यांना एक सांगते. "काही हवंय का?" असं विचारलं की बाई "नको" म्हणते. एखादं काम उचला आणि ते शेवटपर्यंत तुमचंच ठेवा. बारा डोसांच्या काळात माझी बोटं बधिर झाली, कुर्त्याची बटणं लागेनात. ह्यांनी काही न विचारता रोज सकाळी ती लावली. बधिरपणा मात्र डॉक्टरांना वेळीच सांगा. त्यावरून ते औषधाचं प्रमाण ठरवतात.

तुमच्या घरी पहिला डोस व्हायचा असेल, तर आजच थर्मामीटर आणा. रात्री दोन वाजता कोणत्या नंबरवर फोन उचलतात, हे दवाखान्यात विचारून घ्या. तो नंबर गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत चिकटवा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्या.