अस्थी व सांध्यांच्या दुखापती : उपचार आणि पुनर्वसन

परांचीवरून पडलेला बांधकाम मजूर आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला कबड्डीपटू यांची गरज एकच असते, ती म्हणजे पूर्ववत काम करण्याची क्षमता. म्हणूनच अशा दुखापती हा वैद्यकाइतकाच मानवी संसाधन विकासाचाही विषय आहे.

या दुखापतींचे तीन प्रमुख प्रकार आहेत :

१) लचक : अस्थिबंध ताणला जातो. विश्रांती, बर्फाचा शेक, दाबपट्टी व अवयव उंच ठेवणे हे प्राथमिक उपचार होत.

२) सांधा निखळणे : अप्रशिक्षित व्यक्तीने सांधा ओढून बसविल्यास नसांना व रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते.

३) अस्थिभंग : अवयव आधार बांधून स्थिर करतात. नंतर प्लास्टर घालतात किंवा शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी बसवितात.

तथापि, हाड जुळले म्हणजे उपचार संपले असे नव्हे. दीर्घकाळ हालचाल न झाल्याने सांधा आखडतो व स्नायू क्षीण होतात. त्यासाठी भौतिकोपचार आवश्यक ठरतो.

कर्मचारी राज्य विमा योजनेत कामावरील दुखापतीमुळे आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. असंघटित मजूर बहुधा या कक्षेबाहेर राहतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे; परंतु घरी सोडल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपुरताच समाविष्ट होतो. भौतिकोपचार मात्र अनेकदा महिनोन्महिने चालतो आणि त्या काळात मजुरी बुडते. दुखापतीच्या आर्थिक भाराचा हा भाग रुग्णालयाच्या देयकात दिसत नाही. त्यामुळे पुनर्वसन हा आरोग्य संरक्षणाचा अविभाज्य घटक मानणे आवश्यक आहे.