शंख ओळखावा तोंडावरून

समुद्रावरून आणलेले शंख पुढ्यात ओतून ‘हा कुठला?’ असं विचारणारा माणूस बहुतेक वेळा रंगच सांगतो: तपकिरी आहे, ठिपक्यांचा आहे. रंगावर विसंबू नका. पुळणीवर पडलेला शंख उन्हाने आणि वाळूच्या घासण्याने फिका पडतो, जिवंत शंखावर शेवाळ चढतं, आणि काही जातींत मुळातच दोन शंख एका रंगाचे नसतात. कोकणच्या वाळूत बटणाएवढे चपटे, चकचकीत शंख मिळतात. त्यांचं शास्त्रीय नाव उंबोनियम वेस्टिएरियम. मूठभर उचलून पाहा. एक गुलाबी, एक राखाडी, एकावर नागमोडी रेघा, एक जवळजवळ पांढरा, आणि जात सगळ्यांची एकच. ओळख पटते ती घडणीवरून, त्यातही तोंडाच्या घडणीवरून.

आधी वेळ साधा. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात आणि तेव्हाच ओहोटीही सर्वांत खाली जाते. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असलेल्या दिवसांत गेलात तर खालची खडपं उघडीच पडत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर तिथीच्या पाऊणपटीचा जुना हिशेब अजून कामाला येतो: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. द्वितीयेला दीडच्या सुमाराला भरती, म्हणून ओहोटी साडेसातच्या आसपास. हा अंदाज झाला. जाण्यापूर्वी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहाच. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की निघा. हरिहरेश्वरसारख्या ठिकाणी खडक निसरडे आणि लाटा दांडग्या, तिथे हा नियम मोडू नका.

खडपावर उतरलात की लगेच काही उचलू नका. शंख नेमका कुठे बसलाय ते टिपा, कारण जागा ही अर्धी ओळख आहे. भरतीचे फक्त शिंतोडे पोचतात अशा सर्वांत वरच्या कोरड्या खडकावर लिटोरिना कुळातले बारीक शंख असतात. थोडं खाली, कपारींत दाटीवाटीने बसलेले नेरिटा. आणखी खाली, उलटवलेल्या दगडाच्या ओल्या बाजूला टर्बो कुळातले आणि कवड्या. खाडीतल्या खारफुटीच्या चिखलात लांब सुळक्यासारखा टेलिस्कोपियम दिसतो. तो उघड्या खडकावर शोधून सापडायचा नाही. मात्र शंख तुरुतुरु चालू लागला तर आत खेकडा आहे. गोगलगाय केव्हाच मेलेली असते आणि खेकड्याने तो शंख कुठूनही आणलेला असतो, तेव्हा अशा शंखाची जागा पुरावा म्हणून धरू नये.

आता शंख हातात घ्या (कुठला घेऊ नये ते पुढे सांगतो). टोक वर, तोंड तुमच्याकडे. बहुतेक सगळ्या जातींत तोंड उजव्या हाताला येतं. मग क्रमाने पाहा: तोंड गोल, अर्धगोल की चिरेसारखं, आत मोत्याची चकाकी आहे की नुसता पांढरा चुनखडी रंग, कडेला दात आहेत का, खालच्या टोकाला पन्हळ निघते का, आणि दारावर झाकण कसलं आहे.

सुरुवातीला सर्वांत जास्त गोंधळ होतो तो तीन शंखांचा. नेरिटा, टर्बो आणि ट्रोकस तिघेही गाठीसारखे, मळकट, साधारण सुपारीएवढे. पाठीवरून त्यांच्यात फरक करत बसू नका, उलटे करा. नेरिटाचं तोंड अर्धगोल, आत चकाकी नाही, आणि तोंडाची सरळ बाजू रुंद फळीसारखी पसरलेली. तिच्यावर दात किंवा बारीक पुरळ. झाकण दगडी पण पातळ, अर्धचंद्राकृती. टर्बोपैकी लुनेला कोरोनाटा आपल्या खडपांवर सहज भेटतो. पाठीवर गाठींच्या रांगा, तोंड जवळजवळ गोल, आत मोती आणि दाराला जाडजूड, फुगीर दगडी झाकण. ट्रोकसच्या आतही मोतीच, पण बूड सपाट, अंग पिरॅमिडसारखं आणि झाकण पातळ, तपकिरी, नखासारखं लवचीक. भिंगाखाली त्यावर दाट वेढे दिसतात. या तिघांवर हात बसला की पुढची निम्मी वाट सोपी होते.

चिरेसारखं तोंड दिसलं तर थांबा. दोन्ही ओठांवर दात असतील तर ती कवडी. आराधी लोकांच्या गळ्यातल्या माळेत तिचं तोंड आपण सगळ्यांनी पाहिलंय. दात नाहीत, चीर अरुंद आणि सरळ, अंग शंकूसारखं निमुळतं असेल तर तो कोनस. जिवंत कोनसला हात लावायचा नाही, हातमोजे घालूनही नाही. तो सोंडेतून विषारी भाला मारतो. सोंड लांबते, म्हणून रुंद बाजूने धरणंही सुरक्षित नाही. कोनस जिओग्राफसच्या दंशाने माणसं दगावली आहेत आणि या विषावर उतारा नाही. जिवंत कोनसवर पुष्कळदा तपकिरी साल असते, नक्षी तिच्याखाली झाकलेली राहते. आकार ओळखता न येणं इथे जिवाशी गाठ आहे. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना नाव शिकवण्याआधी हा एक आकार दाखवा.

खाली लांब पन्हळ आणि अंगावर काटे असतील तर म्युरेक्सचं कुळ. गोल गुळगुळीत अंग आणि तोंडाजवळ बेंबीसारखा खळगा असेल तर नॅटिका. ही दोन्ही शिकारी कुळं. त्यांचा माग शिंपल्यांवर सापडतो. नॅटिकाने पाडलेलं भोक बाहेर रुंद, आत अरुंद असतं. म्युरेक्सच्या कुळाचं भोक सरळ उतरतं.

तोंड वाचता आलं की पूजेच्या शंखाची फसवणूकही कळते. आपला पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. त्यातला दक्षिणावर्ती, म्हणजे टोक वर धरल्यावर तोंड डाव्या हाताला येणारा, अत्यंत दुर्मीळ, म्हणून त्याच्या नावाने अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा बुसिकॉन सिनिस्ट्रम विकला जातो; त्याचं तोंड निसर्गतःच त्या बाजूला असतं. तोंडात डोकावून मधल्या दांड्यावर तीन-चार आडव्या घड्या आहेत का ते पाहा. टर्बिनेलाला त्या असतात, बुसिकॉनला नसतात.

नोंद करताना चार फोटो घ्या: बसलेल्या जागेचा, पाठीचा, तोंडाचा आणि वरून टोकाचा. शेजारी नाणं ठेवा. तोंडाचा फोटो नसेल तर जाणकारालाही बहुतेक वेळा खात्रीने सांगता येत नाही. जिवंत शंख जिथून उचलला तिथेच, त्याच बाजूने ठेवा आणि उलटवलेला दगड पूर्ववत करा. त्याच्या खालच्या बाजूला अंडी चिकटलेली असतात आणि ती उन्हात मरतात. चारोनिया ट्रायटोनिस, कॅसिस कॉर्नुटा यांसारख्या जातींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांचा रिकामा शंखही दुकानातून विकत घेऊ नका. वहीत जातीचं नाव ओढूनताणून लिहू नका. ‘नेरिटा, वरची कपार, हाजी अली’ एवढी खरी नोंद पुरे. जात पुढच्या उधाणाला ठरवता येते.