गडावरील शरद ऋतू

श्री क्षेत्र सप्तशृंगगड हे नाशिक जिल्ह्याच्या कळवण तालुक्यात, सह्याद्रीच्या सातमाळा रांगेत वसलेले लहानसे गाव आहे. पायथ्याच्या नांदुरीहून सुमारे दहा किलोमीटरचा घाट चढला की पठारावर घरे, धर्मशाळा व दुकाने दिसतात, आणि त्यांच्या माथ्यावर उभ्या कड्यात श्रीभगवतीचे स्थान आहे. येथील आश्विन नवरात्र व कोजागरी पौर्णिमेस येणाऱ्या भाविकांच्या मनात शरद ऋतू म्हणजे निरभ्र आकाश व टिपूर चांदणे असे चित्र असते. ते चित्र खरे आहे; पण ते दरवर्षी ठरल्या तिथीस दिसेलच असे नाही.

आपले सण चांद्रमासाने चालतात, तर पाऊस सूर्याच्या गतीने. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने सण दरवर्षी अलीकडे सरकतात व अधिक मास आला की पुन्हा पुढे जातात. २०२३ साली घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती. २०२५ साली ती २२ सप्टेंबरला आली. नैर्ऋत्य मोसमी वारे या भागातून साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघारी जातात. म्हणजे एका वर्षीचे नवरात्र पाऊस सरल्यावर, तर दुसऱ्या वर्षीचे ऐन पावसात. २०२५ च्या सप्टेंबरअखेर मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात अतिवृष्टी झाली, ती याच नवरात्रात. यास्तव यात्रेचा बेत आखताना तिथीबरोबर इंग्रजी तारीखही पाहावी. नवरात्र लवकर असेल तर घाटात धुके, निसरड्या पायऱ्या व कड्यावरून सुटणारे दगड यांचा विचार आधीच करावा.

पाऊस माघारी जाताना त्याचे स्वरूप बदलते. सकाळ स्वच्छ असते, दुपारी ऊन तापते, आणि तिसऱ्या प्रहरी ढग भराभर उंच चढून विजांसह सरी कोसळतात. उघड्या माथ्यावर वीज हा सर्वांत मोठा धोका होय. गडगडाट ऐकू येताच उघडी जागा, एकटे झाड व कड्याची कडा सोडून पक्क्या इमारतीत जावे. पायऱ्या चढण्यास पहाटेची वेळ उत्तम, हे गडावरील माणसे सांगतात ते उगीच नव्हे.

उंचीमुळे हवा दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. गड नाशिकहून सुमारे पाचशे मीटर उंच असल्याने येथे तीन अंशांचा फरक सहज पडतो, आणि आकाश मोकळे असेल तर रात्री जमीन झपाट्याने निवते. कोजागरीस नर्मदा, तापी, गोदावरी आदी नद्यांचे जल कावडीतून आणणारे भाविक खानदेशच्या उन्हातून घामाघूम होऊन चालत येतात आणि रात्र गडावरच्या वाऱ्यात उघड्यावर काढतात. एक कोरडे वस्त्र व एक कांबळे एवढे ओझे त्यांनी अवश्य वाहावे.

ग्रामस्थांच्या दृष्टीने मात्र शरदाचे महत्त्व निराळेच आहे. हा डोंगर काळ्या बेसाल्टचा. अखंड कातळात पाणी फारसे मुरत नाही. ते भेगांत व थरांच्या सांध्यांत साठते आणि झऱ्यांवाटे हळूहळू निघून जाते. पठाराला वरून येऊन मिळणारी नदी नाही. भवानी तलाव व कुंडांत आश्विनापर्यंत जे साठेल, त्याचा आधार गावाला पुढच्या ज्येष्ठापर्यंत. मध्ये चैत्रोत्सवाची प्रचंड यात्रा येते, तीही ऐन उन्हाळ्यात. म्हणूनच नवरात्रातली एखादी उशिराची सर रांगेतल्या भाविकास त्रासाची वाटली तरी गावकरी तिला नावे ठेवत नाहीत. या दिवसांत कुंडे तुडुंब दिसतात, उतारावर सोनकीची पिवळी फुले डोलतात, आणि पाणी विपुल आहे असा समज होतो. भाविकांनी तलाव व कुंडांच्या काठी कपडे धुऊ नयेत, निर्माल्य व प्लास्टिक पाण्यात सोडू नये आणि निवासस्थानी नळ वाहता ठेवू नये. देणगीदारांपैकी ज्यांना अन्नदानाबरोबर जलदानाचीही इच्छा असेल, त्यांनी छपरावरील पावसाचे पाणी साठविण्याच्या टाक्यांचा विचार करावा. त्या ज्येष्ठापूर्वी बांधून झाल्या तरच त्याच वर्षीचा पाऊस त्यांत पडेल.