इन्सुलिन रोज एकाच जागी टोचले तर चालते का?

एकाच जागी रोज टोचत राहिल्यास त्वचेखालची चरबी वाढून तिथे रबरासारखी गाठ तयार होते. या गाठीत सुई फारशी दुखत नाही, म्हणून हात आपोआप तिथेच जातो. खरी गोम हीच. गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा रक्तात उतरते आणि पथ्य सांभाळूनही साखर वरखाली होत राहते.

पोट, मांडीचा पुढचा व बाहेरचा भाग, दंडाची मागची बाजू आणि नितंबाचा वरचा-बाहेरचा भाग या योग्य जागा. पोटावर टोचलेले रेग्युलर इन्सुलिन लवकर लागू पडते, मांडीवरचे सावकाश. बेंबीभोवती दोन बोटे जागा सोडून पोटाचे चार भाग कल्पावेत आणि आठवडाभर एकच भाग वापरावा. त्यातही प्रत्येक टोचणी आधीच्या जागेपासून बोटभर लांब हवी. तीच सुई पुन्हा पुन्हा वापरणाऱ्यांत गाठी जास्त आढळतात.

गाठ अनेकदा दिसत नाही, बोटांनी चाचपून कळते. ती सोडून निरोगी जागी टोचल्यावर नेहमीचाच डोस जास्त ठरून साखर एकदम उतरू शकते. त्यामुळे जागा बदलण्यापूर्वी डोसबद्दल डॉक्टरांना विचारावे आणि सुरुवातीला साखर वरचेवर तपासावी.