सही करण्याआधी

चि. पोरी,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, आधी नाव होऊ दे, मग भूमिकांबद्दल बोलेन." ते काही मनातून जाईना, म्हणून अमेरिकन गायिका-अभिनेत्री लीना हॉर्नबद्दल लिहिते आहे.

ब्रुकलिनमध्ये १९१७ साली जन्मलेली ही मुलगी सोळाव्या वर्षी हार्लेमच्या कॉटन क्लबात नाचायला लागली. तिथे कलावंत काळे आणि बघणारे गोरे. १९४२ मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने बोलावलं, तेव्हा तिचे वडील सोबत गेले आणि माझी मुलगी मोलकरणीच्या भूमिका करणार नाही, असं स्टुडिओच्या प्रमुखाला सांगून आले. तेव्हा तिचं नाव व्हायचंच होतं गं.

किंमत मोजावी लागलीच. तिला गाणी देत, पण कथेपासून अलग. खांबाला टेकून गायची आणि निघून जायची, म्हणजे काळे कलावंत न चालणाऱ्या दक्षिणेतल्या थिएटरांसाठी तेवढा तुकडा कापता यावा. संगीत नाटकात पद काढलं की प्रवेश लंगडा होतो. हिचं गाणं काढलं तरी काहीच अडू नये अशी सोयच केलेली! हे वाचलं तेव्हा मी रडले होते.

दुसऱ्या महायुद्धात एका लष्करी तळावरच्या तिच्या कार्यक्रमात जर्मन युद्धकैदी पुढे आणि तिच्याच देशाचे काळे सैनिक मागे बसवलेले. ती मंचावरून उतरली, कैद्यांकडे पाठ केली आणि त्या सैनिकांसमोर जाऊन गायली. पुढे काळ्या यादीत नाव गेलं, सिनेमाची दारं मिटली. तिने नाइटक्लबात गाऊन गळा जागता ठेवला. जून १९६३ मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या सभेत ती नागरी हक्क चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांच्यासोबत होती. काही दिवसांतच त्यांचा खून झाला. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या मोर्चातही ती होती.

१९८१ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तिने ब्रॉडवेवर एकटीचा कार्यक्रम उभा केला. ३३३ प्रयोग झाले. त्यात 'स्टॉर्मी वेदर' हे आपलं सिनेमातलं गाणं ती दोनदा गायची. आधी सिनेमातल्यासारखं सुबक, नंतर मोकळ्या गळ्याने, सगळं भोगलेलं आत घेऊन. रेकॉर्डिंग मिळव. दोन्ही एका बैठकीत ऐक, मधे उठू नकोस.

मालिकेचा करार मला पाठव. कोणत्या भूमिका करणार नाहीस, ते आधी कागदावर लिही, मग सही कर. शनिवारी मी येतेच आहे. मालिकेवाल्यांना भेटायला जाशील तेव्हा तुझ्यासोबत मी असेन.

तुझी आत्या